साथीचा माग काढणारे डॉक्टर नेमकं करतात काय?

पावसाळा मध्यावर आला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय असतो. बी विंगमध्ये तिघांना टायफॉइड झालाय, टाकी शेवटची कधी धुतली, कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याकडे कोण कोण गेलं होतं? त्याच आठवड्यात पेपरात महापालिकेचा खुलासा येतो की शहरात साथ वगैरे काही नाही. आणि फॅमिली डॉक्टरांकडे जावं तर बाहेर चपलांचा ढीग. वाचणाऱ्याने विश्वास कोणावर ठेवायचा?

गंमत म्हणजे बऱ्याचदा दोघांचंही बरोबर असतं. ते कसं, हे कळायला वैद्यकातली एक शाखा समजून घ्यावी लागते. कोविडच्या काळात ती रोज टीव्हीवर दिसत होती, आता पुन्हा नजरेआड गेली आहे. त्या शाखेचं नाव साथरोगशास्त्र, आणि त्यात काम करणारा तो साथरोगतज्ज्ञ. यातली काही माणसं आयुष्यभर फक्त जिवाणूंमुळे होणाऱ्या आजारांच्या मागे असतात. वीस-तीस वर्षं एकाच टायफॉइडचा अभ्यास करण्यासारखं त्यात असतं तरी काय, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

रुग्ण कोण: माणूस की वस्ती?

चौथ्या मजल्यावरच्या घरात छताला ओल आली की आपण आधी रंगारी बोलावतो. तो पोपडे काढतो, पुट्टी भरतो, रंग देतो. पुढच्या पावसात ओल पुन्हा हजर. मग कोणीतरी जाणता प्लंबर येतो आणि छताकडे न बघता वरच्या मजल्यांवर जातो. पाचव्याची मोरी बघतो, सहाव्याचा पाइप तपासतो, कुणाकडे ओल आहे आणि कुणाकडे नाही हे विचारत फिरतो. साथरोगतज्ज्ञाचं काम या प्लंबरसारखं असतं. तापाने फणफणलेल्या माणसाला बरं करणारा डॉक्टर हवाच, त्याच्यावाचून चालणार नाही. पण तो ताप त्या घरात आला कुठून, हे त्याच्या टेबलावर बसून दिसत नाही. त्यासाठी आजारी घरांइतकीच आजारी नसलेली घरंही बघावी लागतात.

म्हणजे आजार कोणाला होतो, कुठे होतो, कधी होतो, आणि ज्यांना होत नाही त्यांच्यात वेगळं काय आहे, हे मोजून आणि ताडून बघायचं शास्त्र ते साथरोगशास्त्र. जिवाणू म्हणजे एका पेशीचे सूक्ष्म जीव. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालतं, विषाणूंवर चालत नाही. इथे एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे. आपल्या पट्ट्यात नेहमी भेटणारी जिवाणूजन्य दुखणी म्हणजे टायफॉइड, कॉलरा, लेप्टो आणि अर्थात टीबी.

लेप्टोचंच बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरलं, लोकांनी घरं धुतली, आणि त्यानंतर तापाचे रुग्ण वाढू लागले. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोचे जिवाणू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात आणि ताप यायला बहुधा आठवडा-दोन आठवडे लागतात. हा अवधी माहीत असला की पाणी उतरताच कळतं की तापाची लाट अजून यायची आहे. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना आज आरोग्य खातं डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतं, त्यामागे हा हिशेब आहे.

आधी ठरवायचं की मोजायचं कोणाला

मोजणी सुरू करण्याआधी पहिला अडथळा येतो, तो ‘रुग्ण’ कोणाला म्हणायचं याचा. ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेक वाद इथेच होतात.

ताप चार दिवस उतरला नाही की आपल्याकडे विडाल करायला सांगतात. फ्रेंच डॉक्टर विडाल यांनी १८९६ साली मांडलेली ही तपासणी स्वस्त आहे आणि गल्लीतल्या लॅबमध्येही होते. रिपोर्टवर ‘१:१६०’ असं काहीतरी लिहून येतं आणि घरात टायफॉइड जाहीर होतो. पण विडाल जिवाणू शोधत नाही. टायफॉइडच्या जिवाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं रक्तात आहेत का, एवढंच ती बघते. आपल्यासारख्या शहरात अनेकांच्या रक्तात ती आधीपासून थोडीफार असतात, कारण कधीतरी त्या जिवाणूशी किंवा त्याच्या भाऊबंदांशी गाठ पडलेली असते. मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट खरा टायफॉइड असला तरी पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते. व्हॉट्सॲपवरचे ‘तीन टायफॉइड’ अशा रिपोर्टांवरचे असतील, तर त्यातला खरा टायफॉइड किती हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

पक्की तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. रुग्णाचं रक्त पोषक द्रावणाच्या बाटलीत सोडतात, बाटली उबदार यंत्रात ठेवतात आणि जिवाणू वाढतो का याची वाट बघतात. पाच दिवसांपर्यंत थांबावं लागतं. अडचण अशी की टायफॉइडच्या रुग्णाच्या एका मिलिलिटर रक्तात अनेकदा जेमतेम एखादा जिवाणू असतो. म्हणून रक्त भरपूर घ्यावं लागतं, मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर. दोन वर्षांच्या लेकरातून तेवढं काढता येत नाही, आणि आई-बापही धजावत नाहीत. त्यात मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आधीच पोटात गेलेल्या असल्या, तर बाटलीत काही उगवण्याची शक्यता आणखी घटते. सगळं नीट झालं तरी खऱ्या टायफॉइडच्या शंभर रुग्णांतले साधारण साठच कल्चरमध्ये सापडतात. बाकीचे चाळीस निसटतात.

एका तपासणीत नको ते सापडतं, दुसरीत हवं ते निसटतं. म्हणून साथरोगतज्ज्ञ आधी व्याख्या लिहून काढतो: इतके दिवस ताप असलेला तो संशयित, डॉक्टरने तपासून तसं निदान केलेला तो संभाव्य, आणि प्रयोगशाळेत जिवाणू मिळाला तो पक्का. आपल्या देशात २००४ साली सुरू झालेल्या रोग सर्वेक्षण कार्यक्रमातही अशाच तीन पायऱ्यांचे फॉर्म होते. आरोग्यसेविकेचा वेगळा, दवाखान्याच्या डॉक्टरचा वेगळा, लॅबचा वेगळा. आता महापालिकेचा खुलासा आठवा. पालिका पक्के रुग्ण मोजत असेल आणि फॅमिली डॉक्टर संशयित बघत असतील, तर ‘साथ नाही’ आणि ‘दवाखाने भरलेत’ ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. बातमीत नुसता आकडा असेल आणि तो कोणत्या पायरीवरचा हे नसेल, तर त्या आकड्यावरून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

यादी, तारखा आणि नकाशा

व्याख्या ठरली की यादी करायची. यादीत एका ओळीत एक रुग्ण. वय, गल्ली, पाणी कुठून येतं, बाहेर काय खाल्लं, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे ताप पहिल्यांदा कधी आला. दवाखान्यात कधी गेला ही तारीख केसपेपरवर मिळते, पण तिचा फार उपयोग नसतो. ताप सुरू झाल्याची तारीख फक्त घरच्यांनाच सांगता येते.

आणि माणसं तारखा लक्षात ठेवत नाहीत. तुर्भ्याच्या किंवा कळव्याच्या वस्तीत आशाताई दारात उभी राहून विचारते तेव्हा संवाद साधारण असा होतो. “ताई, पोराला ताप कधीपासून?” “झाले की आठ-दहा दिवस.” “दहीहंडीच्या आधी का नंतर?” “हंडी बघायला आला नव्हता तो. झोपूनच होता.” “मग त्याच्या आदल्या दिवशी शाळेत गेला होता?” “गेला होता, पण अर्ध्यातनं घरी पाठवला.” झालं, तारीख सापडली. सणवार, पगाराचा दिवस, शाळेची परीक्षा यांना धरून आठवण जागी करायची हातोटी कुठल्या पुस्तकातून येत नाही. मोठमोठ्या संशोधननिबंधांतले आलेख या अशा दारातल्या बोलण्यावर उभे असतात, आणि ते बोलणं ज्या बायका करतात त्यांची नावं बहुधा कुठेच छापली जात नाहीत. याचं मला नेहमी वाईट वाटतं.

तारखा मिळाल्या की रोज किती नवे रुग्ण याचा आलेख काढायचा. त्याचा आकारच बरंच काही सांगतो. लग्नाच्या जेवणानंतर काही तासांतच सगळ्यांना उलट्या झाल्या तर आलेख एकदम चढतो आणि उतरतो. कारण एकाच पंगतीत आहे. रुग्णसंख्या हळूहळू वाढत, लांबत गेली तर एकाकडून दुसऱ्याकडे पसरणं किंवा रोज थोडं थोडं दूषित होणारं पाणी, यांचा संशय येतो. टायफॉइडमध्ये जिवाणू पोटात गेल्यापासून ताप यायला बहुधा एक ते दोन आठवडे जातात. आलेखावरून तेवढे दिवस मागे गेलं की शोधाची खिडकी मिळते: त्या दिवसांत या गल्लीत काय घडलं होतं? पाइपलाइन फुटली होती का? रस्ता खोदला होता का? पाणी दोन दिवस बंद होतं का?

पाणी बंद असण्याला इतकं महत्त्व का? नळाला चोवीस तास पाणी असेल तर पाइपमधला दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. पाणी दिवसातून दोन-तीन तासच सुटत असेल तर उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. तो गटाराला खेटून जात असेल आणि त्याला बारीकशी चीर असेल, तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. मोरब्याच्या किंवा भातसाच्या धरणातलं पाणी शुद्धीकरण केंद्रातून स्वच्छच निघतं. ते बिघडतं शेवटच्या दोन-चारशे मीटरमध्ये. म्हणून पालिकेचे कर्मचारी साथीच्या वेळी धरणाकडे न धावता गल्लीतल्या नळावर येतात आणि ओटी टेस्ट करतात. नळीतल्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. रंगच आला नाही, तर क्लोरीन वाटेतच खर्ची पडलेला असतो, आणि तो कशावर खर्ची पडला हे शोधावं लागतं.

“पण हा निव्वळ योगायोग कशावरून नाही?”

हा आक्षेप रास्त आहे, आणि या शास्त्राचा जीवच त्याच्या उत्तरात आहे.

समजा, एका वस्तीत टायफॉइडचे ४० पक्के रुग्ण आहेत. त्यातल्या ३२ जणांनी शाळेबाहेरच्या गोळेवाल्याकडे बर्फाचा गोळा खाल्ला होता. लोक लगेच त्याची गाडी उलटवायला निघतील. साथरोगतज्ज्ञ म्हणेल, थांबा, आजारी नसलेल्या ८० जणांना विचारू. विचारल्यावर कळतं की त्यातल्या ६४ जणांनीही गोळा खाल्ला होता. दोन्हीकडे प्रमाण शेकडा ८०. म्हणजे गोळा तर सगळेच खातात. आजारी पडलेले आणि न पडलेले यांच्यातला फरक तो नाही. मग दुसरा प्रश्न: मागच्या गटारालगतच्या लाइनवरून पाणी कोणाला येतं? रुग्णांपैकी ३० जणांना, धडधाकट ८० पैकी फक्त २० जणांना. रुग्णांत हे गुणोत्तर ३० ला १०, म्हणजे तीन. इतरांत २० ला ६०, म्हणजे एक तृतीयांश. दोन्हींमध्ये नऊपट फरक. आता खोदायचं कुठे ते कळलं, आणि एका गरीब माणसाची गाडीही वाचली. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पद्धत मात्र खरीखुरी हीच आहे.

लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे कॉलराचे मृत्यू नकाशावर मांडले, तेव्हा त्यांनीही पंपाजवळ राहूनही न मेलेल्यांची चौकशी केली होती. तिथल्या दारूभट्टीतले कामगार वाचले होते, कारण ते पंपाचं पाणी पीत नव्हते. कॉलराचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी इजिप्त आणि कोलकात्यात शोधून जगापुढे मांडला तो १८८३-८४ मध्ये, म्हणजे स्नो वारल्यानंतर पंचवीस वर्षांनी. जंतू हाती नसतानाही त्याची वाट बंद करता येते, हे तुलनेचं सामर्थ्य आहे.

परळचा वारसा

आपल्याला लंडनपर्यंत जायचीही गरज नाही. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. सरकारने ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्डेमार हाफकिन यांना जागा दिली, आणि त्यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती दिली, आणि टोचलेले व न टोचलेले यांची तुलना केली. लस घेतलेल्यांत प्लेग कमी झाला. आजच्या नजरेने त्यात एक मोठी खोट आहे: कैद्याचा होकार कितपत मोकळा म्हणायचा? आज असा अभ्यास कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही. पण एकाच छताखाली, तेच अन्न खाणारे दोन गट आणि फरक फक्त लसीचा, ही मांडणी पक्की होती.

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं होतं, पण कोणी मानायला तयार नव्हतं. पुढे प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत गिनीपिगचे पिंजरे प्लेगच्या घरांत ठेवले, काही जमिनीवर आणि काही पिसवांची उडी पोचणार नाही इतके उंच टांगलेले. हवा दोघांना तीच. जमिनीवरचे आजारी पडले, टांगलेले वाचले.

नवी मुंबईत २०१८ साली काय झालं?

ठाणे खाडीच्या आपल्या बाजूला घडलेली ही गोष्ट जगभरच्या तज्ज्ञांना माहीत आहे, आणि ऐरोली-घणसोलीत राहणाऱ्या कित्येकांना नाही.

टायफॉइडची जुनी लस दोन वर्षांखालच्या मुलांवर चालत नसे. नंतर कॉन्जुगेट लस आली. हिच्यात जिवाणूच्या वरच्या आवरणातली साखर एका प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे तान्ह्या मुलांचं शरीरही ती ओळखून तयारी करतं. भारतात बनलेल्या अशा लसीला जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली, आणि २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी मोहीम हाती घेतली. सरकारी यंत्रणेने या लसीची केलेली जगातली ही पहिली मोठी मोहीम. अपेक्षित मुलं तीन लाखांच्या वर. एवढ्यांना एका दमात टोचणं शक्य नव्हतं, म्हणून पालिकेच्या २२ नागरी आरोग्य केंद्रांपैकी ११ केंद्रांची हद्द पहिल्या टप्प्यात घेतली आणि उरलेली दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवली. जुलै-ऑगस्टमधल्या पहिल्या टप्प्यात एक लाखाहून जास्त मुलांना लस मिळाली.

पहिल्या टप्प्यात कोणती केंद्रं घ्यायची, हे नगरसेवकांच्या आग्रहाने ठरवलं असतं तर अभ्यास तिथेच संपला असता. ती चिठ्ठ्या टाकल्यासारखी, यदृच्छेने निवडली गेली. त्यामुळे श्रीमंत नोड (नवी मुंबईतली नियोजित उपनगरं) एका गटात आणि झोपडपट्ट्या दुसऱ्यात, असं होण्याची शक्यता कमी झाली. पुढची अडीचेक वर्षं ठरलेल्या रुग्णालयांत तापाने आलेल्या मुलांची ब्लड कल्चर केली गेली.

इथे एक सुंदर युक्ती आहे. नुसतं ‘लस मिळालेल्या भागातून किती टायफॉइड आले’ असं मोजलं तर फसगत होते. एखाद्या भागातली माणसं रुग्णालयात जातच नसतील, तर तिथे टायफॉइड कमी दिसेल. म्हणून ज्या मुलांच्या कल्चरमध्ये टायफॉइड निघाला, त्यांची तुलना ज्या मुलांच्या कल्चरमध्ये तो निघाला नाही त्यांच्याशी केली. दोन्ही गटांना ताप, दोन्ही गट त्याच रुग्णालयांत आलेले, दोघांचंही रक्त काढलेलं. लस निरुपयोगी असती, तर लसवाल्या भागातल्या मुलांचं प्रमाण दोन्हीकडे सारखं निघालं असतं. ते सारखं निघालं नाही. लस मिळालेल्या वस्त्यांत टायफॉइडचं प्रमाण जवळपास निम्मं दिसलं. प्रत्यक्ष सुई घेतलेल्या मुलांचं संरक्षण त्याहून बरंच जास्त होतं.

हे दोन आकडे वेगळे का? कारण लस मिळालेल्या वस्तीतही काही मुलं गावाला गेलेली होती, काही आजारी होती, काहींच्या घरच्यांनी नको म्हटलं. पहिला आकडा मोहिमेची ताकद सांगतो, दुसरा लसीची. कंपनीला दुसरा आवडतो. पालिकेच्या अंदाजपत्रकाला पहिला उपयोगी पडतो.

“निम्म्या शहराला लस न देता वाट बघायला लावणं, हा अन्याय नाही का?”

एकाच वेळी सगळ्यांना देणं शक्य असूनही अर्ध्यांना अडवून ठेवलं असतं, तर नक्कीच अन्याय झाला असता. इथे माणसं, शीतपेट्या आणि शिबिरं यांच्या मर्यादेमुळे कोणालातरी थांबावं लागणारच होतं. थांबायचं कोणी, हे चिठ्ठीने ठरलं. मला तर वशिल्याने ठरण्यापेक्षा हे कितीतरी न्याय्य वाटतं.

“पाणी नीट करा ना, लसी कशाला?”

पाणी आणि सांडपाणी नीट झालं की टायफॉइड जातो. युरोप-अमेरिकेत तो लस सार्वत्रिक होण्याआधीच, पाणी गाळून आणि क्लोरीन घालून ओसरला होता. त्यामुळे हे म्हणणारा चूक नाही. पण दाट वस्तीतली शेवटची पाइपलाइन बदलायला वर्षं लागतात, आणि आज जन्मलेलं मूल तेवढं थांबू शकत नाही. शिवाय मधल्या काळात जिवाणू एक वेगळंच संकट उभं करतो आहे, त्यावर थोडं सविस्तर बोलायला हवं.

१९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल हे टायफॉइडवरचं हुकमी औषध होतं. १९७२ मध्ये केरळात कालिकतला त्याला न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ आली. १९९० च्या सुमारास एकाच वेळी तीन जुन्या औषधांना दाद न देणारे जिवाणू भारतभर पसरले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. दहा-पंधरा वर्षांत तेही आपल्याकडे बहुतांशी निकामी झालं. आता भिस्त सेफ्ट्रायॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिनवर आहे. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादला सेफ्ट्रायॅक्सोनलाही न बधणारा टायफॉइड निघाला. तोंडाने घ्यायचं एकच भरवशाचं औषध तिथे उरलं. पाकिस्तानने २०१९ मध्ये ही लस आपल्या नेहमीच्या लसीकरणात घेतली, जगात सर्वांत आधी.

वीस-तीस वर्षं एका जिवाणूमागे काय करायचं, याचं उत्तर या यादीत आहे. जिवाणू तोच राहत नाही. दर दहा वर्षांनी त्याच्यावरचा इलाज पुन्हा तपासावा लागतो, आणि ‘पूर्वी असं नव्हतं’ हे म्हणायला पूर्वीची मोजणी कोणीतरी करून ठेवलेली असावी लागते.

हे काम करणारी माणसं कशी घडतात?

बरेच जण एमबीबीएस करून कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करतात. चेन्नईला आयसीएमआरची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आहे, तिथे सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०१२ पासून साथीच्या जागी पाठवून शिकवणारा दोन वर्षांचा कार्यक्रम चालवला आहे. डॉक्टर असणं सक्तीचं नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, पशुवैद्य, समाजशास्त्राचे अभ्यासक, सगळ्यांना इथे जागा आहे, आणि लेप्टोसारख्या आजारात तर पशुवैद्यावाचून चालतच नाही.

करिअरची सुरुवात साथींच्या मागे धावण्यात जाते. पुढे माणूस एकेका प्रश्नात रुततो. २०१७ ते २०२० मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशात टायफॉइडचा मोठा अभ्यास झाला. चार ठिकाणच्या मिळून सुमारे २४ हजार मुलांची आठवड्याला चौकशी होई: ताप आला का? आला तर रक्त तपासायचं. शहरी वस्त्यांत दर लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते ११७३ रुग्ण निघाले. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात फक्त ३५. एकाच देशात, त्याच वर्षांत, एवढी तफावत! ‘भारतात टायफॉइड किती?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही, आणि लस आधी कुठे न्यायची याचं उत्तर या तफावतीत आहे. त्यासाठी किती दारांवर किती वेळा टकटक झाली असेल, याचा हिशेब वाचकानेच करून बघावा.

या कामात यश दिसत नाही, ही त्यातली कठीण गोष्ट. बायपास झालेला रुग्ण सर्जनच्या पाया पडतो. न झालेल्या टायफॉइडबद्दल आभार मानायला कोणी येत नाही. साथ आली नाही, तर पुढच्या वर्षी सर्वेक्षणाचे पैसे आधी कापले जातात. मला ही धोरणातली सगळ्यात घातक सवय वाटते.

आपल्या घरात ताप आला तर

या सगळ्यातून आपल्यासाठी निघणाऱ्या गोष्टी थोड्याच, पण नेमक्या आहेत. ताप तीन-चार दिवस टिकला तर डॉक्टरांना सरळ विचारा, “डॉक्टर, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चर करून घ्यायचं का?” विडालपेक्षा ते महाग पडतं आणि उत्तर उशिरा मिळतं, हे खरं. पण जिवाणू सापडला तर कोणतं औषध त्याला लागू पडेल हेही त्याच रिपोर्टात येतं. प्रकृती नाजूक असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतील, ते योग्यच. बाटलीतलं रक्त मात्र आधी घेतलेलं बरं. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका, आणि कोर्स ठरलेल्या दिवसापर्यंत पुरा करा.

मुलांसाठी टायफॉइडची कॉन्जुगेट लस बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात सहा महिन्यांनंतर दिलेली आहे. आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. लसीचं कार्ड जपून ठेवा आणि त्याचा फोटो फोनमध्ये असू द्या. कोणी सर्वेक्षणाला आलं आणि “मुलाला लस दिली होती का?” असं विचारलं, तर “बहुतेक दिली असेल” या उत्तराचा त्यांना काही उपयोग होत नाही. कार्डावरच्या तारखेचा होतो.